रस्ता नाकारलेलं बेट

बे शोअरच्या धक्क्यावर बोटीसाठी रांगेत उभी असलेली माणसं सहलीला निघालेली वाटत नव्हती. एकीच्या हातात दोन कलिंगडं, एकाच्या खांद्यावर गुंडाळलेली गादी, कुणाकडे रंगाचे डबे, कुणाकडे टेबलफॅन, आणि बहुतेकांजवळ एखादा कुत्रा. बाजारहाट उरकून घरी परतणारी माणसं होती ती. न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवरून लाँग आयलंड रेल्वेनं इथवर यायला सव्वा-दीड तास लागतो, आणि इथून पुढे फायर आयलंडला जायचं ते बोटीनं, अर्ध्या तासात.

माझी लेक मॅनहॅटनमध्ये नोकरी करते. तिनं आणि तिच्या ओळखीच्या आठ-नऊ जणांनी मिळून बेटावरच्या फेअर हार्बर नावाच्या वस्तीत उन्हाळ्यापुरतं एक घर भाड्यानं घेतलं होतं. इथे ही जुनी पद्धत आहे. घराचे हिस्से करतात. पूर्ण हिस्सा घेतला तर प्रत्येक शनिवार-रविवार तुमचा, अर्धा घेतला तर एक आड एक. मधले वार बहुतेक रिकामे जातात. "आई, मंगळवारी जाऊ, म्हणजे घर आपलंच," असं लेक म्हणाली आणि आम्ही दोघी निघालो.

बोट ग्रेट साऊथ बे नावाच्या उथळ खाडीतून जाते. कालवं आणि तिसऱ्या यांसाठी ही खाडी एके काळी अमेरिकाभर नावाजलेली होती. न्यूयॉर्कच्या हॉटेलांत मिळणारी 'ब्लू पॉइंट' कालवं याच खाडीकाठच्या एका गावाच्या नावानं ओळखली जातात. माझं माहेर मालवणाजवळचं. त्यामुळे खाडी, ओहोटीचा वास, धक्क्याच्या खांबांना चिकटलेले शिंपले यांत मला काही परकं वाटलं नाही. परकं वाटलं ते समोरचं बेट. डोंगर नाही, कातळ नाही, माड तर नाहीतच. क्षितिजावर हिरवट-करड्या रंगाची एक सपाट रेघ, तेवढंच. सुमारे ५० किलोमीटर लांब आणि बहुतेक ठिकाणी अर्धा किलोमीटरही रुंद नाही, अशी ही निव्वळ वाळूची पट्टी आहे. तिच्या एका बाजूला शांत खाडी, दुसऱ्या बाजूला थेट अटलांटिक. महासागराच्या लाटा अंगावर घेऊन मागच्या लाँग आयलंडला आडोसा द्यायचा, हे तिचं काम.

बोट लागली आणि धक्क्यावर रांगेनं उभ्या केलेल्या लाल रंगाच्या लहान लहान ओढगाड्या दिसल्या. अमेरिकेत पोरं खेळायला वापरतात तशा चार चाकांच्या, पुढे दांडी असलेल्या. प्रत्येक घराची आपली गाडी, तिच्यावर घराचं नाव किंवा नंबर रंगवलेला, आणि सायकलसारखी साखळीनं कुलूपबंद. लेकीनं आमच्या घराची गाडी सोडवली, त्यात पिशव्या रचल्या आणि आम्ही चालू लागलो. बेटावर सतरा वस्त्या आहेत आणि त्यांना जोडणारा मोटाररस्ता नाही. वस्तीत फिरायला फळ्यांच्या किंवा काँक्रीटच्या अरुंद वाटा आहेत. त्यांना रस्ता म्हणतच नाहीत, 'वॉक' म्हणतात. दोन्ही बाजूंनी झुडपं वाटेवर झुकलेली, मध्येच एखादं हरीण उभं, आणि ते माणसाला पाहून हलतही नाही.

माझ्या मनात माथेरान येणं साहजिकच होतं. दस्तुरी नाक्यावर मोटार सोडून पायी चालू लागलं की कानांना जे वाटतं, तेच इथे वाटलं. इंजिनाचा आवाज गेला की माणसांचे आवाज किती लांबून ऐकू येतात! पण एक फरक मला पहिल्याच दहा मिनिटांत जाणवला आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. माथेरानला मोटार नाही म्हणून आपलं ओझं घोडा वाहतो, हमाल डोक्यावर घेतो, आणि हातरिक्षात बसलेल्या माणसाला माणूसच ओढत नेत आला. इथे पांढऱ्या केसांच्या बायका आपली गाडी आपण ओढत होत्या. पाच-सहा वर्षांची पोरंही धाकट्या भावंडाला गाडीत बसवून नेत होती. मोटार नाकारली तर तिचं काम कुणाच्या अंगावर पडतं, यावर त्या नकाराची किंमत ठरते.

घर लाकडी, खांबांवर उचललेलं, खाली वाळू. आंघोळीची एक न्हाणी घराबाहेर, तीन बाजूंनी फळ्या आणि वर उघडं आकाश. समुद्रावरून आलेल्यानं आधी तिथे वाळू धुवायची, मगच घरात यायचं, हा घराघरातला नियम. संध्याकाळी गॅलरीत बसलो होतो तेव्हा शेजारच्या आजी टोमॅटो घेऊन आल्या. वय ऐंशीच्या घरात. त्यांच्या वडिलांनी हे घर दुसऱ्या महायुद्धानंतर घेतलं, तेव्हापासून त्यांचा एकही उन्हाळा इथे आल्याशिवाय गेलेला नाही. आता लेकी-नातवंडं येतात, मात्र घर उघडायला आणि बंद करायला त्या स्वतः हजर असतात.

हे उघडणं-बंद करणं त्यांनी मला सविस्तर सांगितलं, आणि बेटाचं जगणं मला त्यातूनच सगळ्यात नीट समजलं. हिवाळ्यात इथे नळातलं पाणी गोठून पाइप फुटतात, म्हणून बहुतेक वस्त्यांत थंडीत पाणीच बंद असतं. शरदात घर मिटवताना नळ, टाक्या, गीझर सगळं रिकामं करायचं, मोरीच्या वाकांमध्ये न गोठणारं द्रावण ओतायचं, गाद्या उभ्या करायच्या, डबे घट्ट लावायचे, कारण उंदीर येणारच. वसंतात पाणी सुटलं की पहिला दिवस गळती शोधण्यात जातो. "मे महिन्याचा शेवटचा सोमवार ते सप्टेंबरचा पहिला सोमवार, एवढंच आमचं वर्ष," असं आजी म्हणाल्या. अमेरिकेत त्या दोन सोमवारी मेमोरियल डे आणि लेबर डे असतात. त्यांच्यामधल्या चौदा-पंधरा आठवड्यांत हजारो माणसं येतात आणि जातात. मग थंडीत अख्ख्या बेटावर काही शेच माणसं उरतात.

बेटावर रस्ता का नाही, असं मी त्यांना विचारलं आणि त्या खुर्चीत सरळ बसल्या.

१९६२ सालच्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एक वादळ येऊन रेंगाळलं. भरतीमागून भरती त्यानं पाण्याचा जोर कायम ठेवला. फायर आयलंडवरची अनेक घरं समुद्रात गेली, वाळूच्या टेकड्या कापल्या गेल्या. त्यानंतर रॉबर्ट मोझेस यांनी आपली जुनी योजना पुन्हा मांडली : बेटाच्या कण्यावरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हमरस्ता. रस्ता बांधाचं काम करील, वाळू जागच्या जागी धरून ठेवील, असं त्यांचं म्हणणं होतं. मोझेस हे साधं नाव नव्हे. न्यूयॉर्क परिसरातले पूल, महामार्ग, उद्यानं यांतलं पुष्कळसं काम त्यांच्या हुकमतीखाली झालं. आयुष्यात ते एकदाच निवडणुकीला उभे राहिले, १९३४ साली गव्हर्नरपदासाठी, आणि हरले. तरी चाळीसेक वर्षं त्यांचा शब्द मोडणं भल्याभल्यांना जमलं नाही. रॉबर्ट कॅरो यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या चरित्राचं नावच 'द पॉवर ब्रोकर' आहे.

हा रस्ता मात्र अडला. उन्हाळ्यापुरत्या राहणाऱ्या माणसांनी समित्या केल्या, सह्या गोळा केल्या, वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली. "आमची आई सगळा हिवाळा शहरातल्या स्वयंपाकघरातून फोन करत होती," असं आजींनी सांगितलं. रहिवाशांचा युक्तिवाद साधा होता. वाळूचं बेट हलतं राहूनच जगतं. लाटा वाळू उचलतात, पुढे नेऊन टाकतात, वारा टेकडी रचतो, गवत तिला धरतं. त्यावर डांबराचा पट्टा घातला की हे सगळं थांबेल, आणि रस्त्यासाठी जी जागा लागेल ती घरांची आणि जंगलाची असेल. नुसतं 'नको' म्हणून ते थांबले नाहीत, त्याऐवजी काय हवं तेही त्यांनी मागितलं. बेट राष्ट्रीय सागरतट म्हणून केंद्र सरकारनं आपल्या संरक्षणाखाली घ्यावं, ही ती मागणी. ११ सप्टेंबर १९६४ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्या कायद्यावर सही केली. आज पश्चिम टोकाला मोझेस यांच्याच नावाचा पूल उतरतो आणि त्यांच्याच नावाच्या उद्यानात संपतो. पूर्वेकडे दुसरा पूल आहे. मधला बेटाचा सगळा पट्टा रस्त्यावाचून राहिला आहे. त्यातला सुमारे ११ किलोमीटरचा भाग तर १९८० पासून कायद्यानं संरक्षित रान आहे. न्यूयॉर्क राज्यातलं केंद्राच्या कायद्याखालचं ते एकमेव रान.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाण्यावरच्या टॅक्सीनं, म्हणजे लहान मोटरबोटीनं, सेलर्स हेवनला गेलो. तिथे 'संकन फॉरेस्ट' नावाचं जंगल आहे. दोन टेकड्यांच्या आडोशाला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. फळ्यांच्या वाटेनं आत शिरलं की ऊन एकदम जातं. हॉली नावाच्या काटेरी पानांच्या झाडांची खोडं वेडीवाकडी, करडी. काही दोनशे ते तीनशे वर्षांची. पण उंची कुणाचीच फार नाही. टेकडीच्या माथ्यापर्यंत झाडं वाढतात आणि तिथून पुढे जो शेंडा डोकावेल तो खाऱ्या वाऱ्यानं करपतो. त्यामुळे बाहेर येऊन टेकडीवरून पाहिलं, तर जंगलाचा माथा कोयत्यानं सपासप छाटलेल्या कुंपणासारखा एकसारखा दिसतो. समुद्रकाठचं असं हॉलीचं जंगल जगात फार थोड्या ठिकाणी उरलं आहे. मोझेस यांचा रस्ता झाला असता तर तेही राहिलं नसतं. मी तिथे पुष्कळ वेळ बसले. आमच्याकडे पुळणीमागची उंडीची, केवड्याची दाट राई अशीच वारा अडवत असे. आता तिथे सुरूची सरळ रेषेत लावलेली झाडं आहेत किंवा हॉटेलांची कुंपणं.

तिथून पुळणीनं चालत चेरी ग्रोव्हला गेलो. १९३० आणि ४०च्या दशकांपासून न्यूयॉर्कच्या नाटकवाल्यांमुळे ही वस्ती समलिंगी स्त्री-पुरुषांची झाली. त्या काळी शहरात दोन पुरुष एकमेकांबरोबर नाचले तर पोलीस पकडत. इथेही धाडी पडत, पण बोटीनंच यावं लागत असल्यानं माणसांना थोडा श्वास घेता येई. रस्ता नसल्याचा हा दुसरा अर्थ मला तिथे कळला. तिथलं लाकडी सभागृह-नाट्यगृह २०१३ मध्ये ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेलं. शेजारची पाइन्स वस्ती अधिक श्रीमंत. १९७६ साली तिथल्या एका उपाहारगृहानं स्त्रीवेष केलेल्या एका पुरुषाला वाढायला नकार दिला. तेव्हा ४ जुलै रोजी चेरी ग्रोव्हची मंडळी एका बोटीत भरून, सगळी स्त्रीवेषात, पाइन्सच्या धक्क्यावर उतरली. ही बोट आजही दर ४ जुलैला जाते आणि पाइन्सचे लोक धक्क्यावर गर्दी करून तिचं स्वागत करतात. स्त्रीपार्टाची एवढी मोठी परंपरा असलेल्या मराठी माणसाला तो दिवस तिथे जाऊन पाहावासा वाटेल.

बेटावर सगळंच मोकळं आहे असं मात्र नाही. पॉइंट ओ'वुड्स ही वस्ती १८९४ मध्ये व्याख्यानमाला आणि ज्ञानसत्रं भरवण्यासाठी स्थापन झाली. आपल्याकडच्या वसंत व्याख्यानमालेला जवळची कल्पना. आज तिथे कुंपण आहे आणि पाहुणा असल्याशिवाय आत जाता येत नाही. ज्ञानासाठी उघडलेलं दार असं बंद व्हावं, याचं मला वाईट वाटलं. याच किनाऱ्यासमोर १९ जुलै १८५० रोजी 'एलिझाबेथ' नावाचं जहाज वाळूत रुतून फुटलं. त्यात अमेरिकन लेखिका मार्गारेट फुलर होत्या, पती आणि लहान मुलासह इटलीहून परतत होत्या. तिघंही बुडाली. स्त्रीच्या हक्कांविषयीचं त्यांचं पुस्तक १८४५ चं, म्हणजे ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्रीपुरुष तुलना'च्या ३७ वर्षं आधीचं. रोममधल्या क्रांतीवर त्यांनी लिहिलेलं हस्तलिखित जहाजाबरोबर गेलं. लेखक हेन्री डेव्हिड थोरो त्यांच्या वस्तूंच्या शोधात मुद्दाम या वाळूवर आले होते. त्यांना फारसं काही मिळालं नाही. किनारा इतका जवळ होता की वाळूवरच्या माणसांना जहाज दिसत होतं. आज त्या पाण्यात पोरं लाटांवर फळ्या घेऊन खेळतात. मी मात्र त्या समुद्राकडे नंतर वेगळ्या नजरेनं पाहिलं.

मोटार अजिबात नाही, हेही पूर्ण खरं नाही. पोलीस, अग्निशमन, दुरुस्तीवाले यांच्या गाड्यांना आणि काही बारमाही रहिवाशांना पुळणीवरून चालवायचा परवाना असतो. १९६६ च्या जुलैमध्ये रात्री पुळणीवर उभे असलेले कवी फ्रँक ओ'हारा यांना पुळणीवरून जाणाऱ्या एका गाडीची धडक बसली आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. वय अवघं चाळीस.

आणि नियम! ओशन बीच या सगळ्यात गजबजलेल्या गावाला लोक 'नाही-नाही गाव' अशा अर्थाच्या नावानं ओळखतात. वाटेवर उभं राहून खायचं नाही, प्यायचं नाही, आरडाओरडा करायचा नाही. संरक्षित पुळणीवर प्लोव्हर या चिमुकल्या पक्ष्याची घरटी असतात तिथे दोर बांधलेले, आणि कुत्र्याला व पतंगाला बंदी. टेकडीवर पाय ठेवायचा नाही, लाकडी जिन्यानंच ओलांडायची. हरणांना खाऊ घालायचं नाही. सुरुवातीला हे जाचक वाटतं. पण एवढ्या अरुंद वाळूवर इतकी माणसं एकाच ऋतूत उतरतात, तेव्हा प्रत्येकानं टेकडीवर एकदा पाय ठेवला तरी गवत मरेल आणि टेकडी उडून जाईल, हे पाहिल्यावर मला त्यातला एकही नियम फालतू वाटला नाही.

सकाळच्या पहिल्या बोटीनं कोण येतं ते मी मुद्दाम पाहायला गेले होते. सुतार, प्लंबर, छपरं शाकारणारे, घरं झाडणाऱ्या बायका, हॉटेलातले आचारी. पुष्कळांची बोली स्पॅनिश. संध्याकाळी ते परत जातात, कारण इथे राहणं त्यांना परवडणारं नाही. दुकानात दुधापासून खिळ्यापर्यंत सगळं बोटीनं येतं आणि कचराही पाण्यावरूनच बाहेर जातो, त्यामुळे प्रत्येक वस्तू महाग. घरांच्या किमती तर सामान्य न्यूयॉर्ककराच्याही आवाक्याबाहेर गेल्या आहेत. लेकीसारखी नोकरदार मुलं येतात ती हिस्से करून, एका खोलीत चौघं झोपून. मला हीच पद्धत या बेटाच्या जुन्या साध्या वळणाशी जास्त इमान राखणारी वाटली.

२९ ऑक्टोबर २०१२ च्या सँडी वादळात समुद्रानं बेट एका जागी फोडून आरपार वाट केली. ती जागा संरक्षित रानात होती, म्हणून ती बुजवली नाही. महासागराचं पाणी आत खेळू लागलं आणि आसपासची खाडी अधिक स्वच्छ झाली. वस्त्यांसमोर मात्र सरकारनं समुद्रतळाची वाळू उपसून नव्या टेकड्या उभ्या केल्या, काही घरं त्यासाठी हटवली. काही लोकांच्या उन्हाळी घरांसाठी सगळ्यांचा पैसा का, हा प्रश्न तिथे उघडपणे विचारला जातो, आणि तो रास्त आहे. आजींनाही तो विचारला. "माझ्या नातवाच्या हयातीत हे घर राहील असं मी धरून चालत नाही," त्या म्हणाल्या. "पण वाळूनं न्यावं. रस्त्यानं नको."

कोकणात सध्या रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाचं काम चालू आहे, खाड्यांवर पूल होत आहेत. रस्ता नको म्हणणं फायर आयलंडला जमलं, कारण तिथल्या लोकांची शहरात घरं होती, नोकऱ्या होत्या आणि मोटारी पलीकडच्या धक्क्यावर उभ्या होत्या. बाळंतिणीला रात्री दवाखान्यात न्यायचं असेल त्या गावाला असा नकार देता येत नाही, आणि कुणी त्याला तो शिकवूही नये. पण रस्ता पुळणीवरून जावा की गावामागून, केवड्याची राई तोडून की वळसा घालून, हे ठरवताना त्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना आधी विचारलं गेलं पाहिजे. फायर आयलंडच्या लोकांनी विचारण्याची वाटही पाहिली नाही.

मुलांकडे न्यूयॉर्कला किंवा न्यू जर्सीला जाणार असाल, तर नायगरा आणि स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याबरोबर या बेटासाठी एक पूर्ण दिवस काढा. जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार टाळा. लेबर डे झाल्यावर सप्टेंबरमध्ये पाणी अजून उबदार असतं आणि गर्दी गेलेली असते. बे शोअरहून ओशन बीचला आणि सेव्हिलहून सेलर्स हेवनला बोट जाते. जंगल पाहायचं तर दुसरी पकडा. डबा बरोबर न्या आणि कचरा परत आणा. झुडपांत गोचिडी आहेत, त्यांच्यापासून लाइम नावाचा आजार होतो, म्हणून पूर्ण पायमोजे घाला आणि घरी आल्यावर अंग नीट तपासा.